लाल ठिपक्याचा चाकू

माझ्या कपाटात कापडाची एक गुंडाळी आहे. गादीच्या खोळीचं जाडं कापड, त्याला पाच कप्पे आणि वरून बांधायला नाडी. कप्प्यांत घडीचे चाकू आहेत, चार. पाचवा कप्पा रिकामा आहे. ही गुंडाळी मी सहसा कुणाला दाखवत नाही, कारण कॉलेजात ग्रंथपाल असलेली पन्नाशीची बाई चाकू जमवते म्हटल्यावर माणसं आधी हसतात आणि मग माझ्या नवऱ्याकडे काळजीने बघतात. ज्यांनी पाहिली त्या सगळ्यांनी मात्र एकच विचारलं, पाचव्याचं काय झालं? "अजून मिळाला नाही," एवढंच मी सांगते. नीट सांगायचं तर हेदवकरकाकांबद्दल सांगावं लागेल, आणि ते उभ्याउभ्या होण्यासारखं नाही. काकांना जाऊन आता वर्ष होत आलं.

ठाकुर्लीला आमच्या इमारतीत ते समोरच्या ब्लॉकमध्ये राहायचे. दारावर पाटी होती, ‘मु. वि. हेदवकर, निवृत्त इन्स्पेक्टर’. नवीन राहायला आलो तेव्हा मी त्यांना पोलिसातले समजून पहिले दोन-तीन महिने जिन्यात उगाचच दबकून चालायचे. नंतर कळलं, ते कोलशेतच्या एका कारखान्यात टूलरूमला इन्स्पेक्टर होते. बाकीच्यांनी केलेली हत्यारं आणि सुटे भाग तपासायचे आणि पास की रिजेक्ट ते सांगायचं, हेच काम त्यांनी आयुष्यभर केलं. नोकरी संपली तरी काम संपलं नव्हतं. अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, त्याच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी, आणि माणसाने बनवलेली कुठलीही वस्तू समोर आली की पाय थांबायचे. फाटकाची कडी, लिफ्टचं दार, वाण्याकडचा तराजू, काही सुटायचं नाही. "दिवाळीत शंकरपाळ्यांतसुद्धा रिजेक्ट काढतात," त्यांच्या पत्नी सुमनकाकू सांगायच्या, "आणि मग काढलेले सगळे स्वतःच खातात."

प्रत्येक गोष्टीला ते ‘माल’ म्हणायचे. आंबे माल, सोसायटीचा नवा सेक्रेटरी माल. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीला बघायला एक स्थळ आलं होतं, तेव्हा तिच्या वडिलांनी काकांना हळूच विचारलं, मुलगा कसा वाटला? काका म्हणाले, "माल चांगला आहे. फिनिशिंग राहिलंय." लग्न झालं, आणि फिनिशिंगचं काम ती मुलगी अजून करते आहे.

त्यांच्याकडे चोवीस घडीचे चाकू होते. मिटले की मुठीत लपणारे, खिशात मावणारे. काकूंनी शिवलेल्या गुंडाळीला चोवीस कप्पे होते म्हणून चोवीस. नवा चाकू आला की जुन्यातला एक बाहेर जायचा. कुठला जाणार याचा विचार महिनाभर चालायचा, आणि त्या महिन्यात काकू त्यांना भाजी आणायला पाठवायच्या नाहीत, कारण ते बाजारातून रिकाम्या पिशवीने परत यायचे.

माझी आणि त्यांची ओळख भांडणानेच झाली. माझे वडील ठाण्याला एका सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन होते. त्यांना पेन्सिलीला शार्पनर लावलेला खपायचा नाही, पेन्सिल चाकूनेच तासायची. ते गेल्यावर आईने त्यांची पेन्सिलींची पेटी मला दिली. पेटीत तो चाकू होता. शिंगाची मूठ, दोन्ही टोकांना पितळी टोप्या, आणि तासून तासून निम्मं झालेलं पातं. दुपारी पेरू कापून मला फोडी द्यायचे तेही त्याच चाकूने. तो हातात घेतला आणि माझ्या मनाने घेतलं की आपण असे चाकू जमवायचे. पहिला बाबांचा, मग एकेक उत्तम बघून घ्यायचा. समोरच तज्ज्ञ राहतात म्हटल्यावर मी तशीच उठून गेले आणि ‘वडिलांचा आहे’ म्हणत चाकू त्यांच्या हातात ठेवला.

"अहो ताई, हातात नका देऊ. खाली ठेवा. भांडण होतं."

"तुम्ही मानता असलं?"

"मानत नाही. पण हातातून हातात जाताना धारेची वस्तू एक क्षण कुणाच्याच ताब्यात नसते. तेवढ्यात बोट जातं. घरच्या बायकांनी त्याला भांडणाचं नाव दिलंय इतकंच."

पण चाकू आता त्यांच्या हातात गेलेलाच होता. त्यांनी डोळे मिटले, चाकू कानाशी नेऊन उघडला, परत मिटला. मग पात्याचं टोक चिमटीत धरून डावीउजवीकडे हलवलं. खिडकीपाशी जाऊन तो उजेडासमोर धरला.

"धार नाही बघायची?" मी विचारलं.

"धार शेवटी. धार काय, उद्यासुद्धा लावता येते. सांधाच ढिला असला तर धारेचं करायचं काय?" आणि मग त्यांनी एका सुरात निकाल सांगितला, "आडवा प्ले आहे. उघडल्यावर पातं हलतंय, बघा. स्प्रिंग दमलीय. मिटल्यावर पातं मधोमध बसत नाही, डाव्या बाजूला घासतं. रिजेक्ट."

मी काही बोलायच्या आत त्यांनी ड्रॉवर उघडला, काकूंच्या नेलपॉलिशची बाटली काढली आणि माझ्या बाबांच्या चाकूवर, पात्याच्या बुडाशी, एक लाल ठिपका लावला.

"काका! माझ्या वडिलांचा चाकू आहे तो!"

"हो, ते सांगितलंत तुम्ही. पण माल रिजेक्ट आहे."

कारखान्यात रिजेक्ट मालावर लाल रंग लावायची पद्धत होती, म्हणजे तो चुकून पास मालात मिसळत नाही. त्यांचा हात सवयीने चालला होता, हे आज कळतं. तेव्हा माझं डोकं असं फिरलं की मी चाकू ओढून घेतला आणि त्यांच्या दारावरची पाटी हलेल इतक्या जोरात दार ओढलं. घरी येऊन ठिपका पुसायला बसले. वरचा रंग निघाला, पण पात्याच्या बुडाशी बनवणाऱ्याचं नाव कोरलेलं होतं, त्या अक्षरांच्या खाचांत लाल रंग बसला तो बसलाच.

दोन महिने आमचा अबोला होता. जिन्यात समोर आले की मी पर्समध्ये किल्ली शोधायचे. ते थांबायचे, बोलायला तोंड उघडायचे आणि जिन्याच्या कठड्याकडे बघत खाली उतरायचे. वाट्यांची देवाणघेवाण काकूंनी चालू ठेवली होती. वाटी द्यायच्या, वर डोळे मिचकावायच्या.

मग दसरा आला. दरवर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी काका इमारतीतल्या झाडून सगळ्या घरांच्या सुऱ्या आणि विळ्या गोळा करायचे, दगडावर हाताने धार लावायचे आणि संध्याकाळी ज्याच्या त्याच्या घरी पोचवायचे. दसऱ्याला त्यांचे चोवीस चाकू पाटावर झेंडूखाली बसायचे. पूजेला लावलेलं हत्यार त्या दिवशी वापरायचं नाही, हा नियम तर सगळ्यांनाच माहीत असतो. त्या वर्षी शेजारच्या इमारतीनेही आपल्या सुऱ्या आणून दिल्या, काकांना नाही म्हणवलं नाही, आणि धार लावणं सकाळपर्यंत लांबलं. पूजेची वेळ झाली. धारेची हत्यारं घरात असताना ती पूजेबाहेर कशी ठेवायची, म्हणून त्यांनी सगळ्यांच्या सगळ्या सुऱ्या आणि विळ्या पाटावर मांडल्या, हळदकुंकू वाहिलं, फुलं घातली, आणि मग दारात उभ्या असलेल्या बायकांना सांगितलं, "आता उद्या."

"अहो काका, बटाट्याची भाजी?"

"उकडा आणि कुस्करा."

"कोशिंबीर?"

"किसणी आहे ना घरी?"

"लिंबं काय दातांनी कापू?"

काकांनी पाटावरचं एक फूल सरळ केलं. पूजा झालेलं हत्यार मात्र ते हलवायला तयार नव्हते. शेजारच्या इमारतीतूनही माणसं येऊन उभी राहिली. एक जण म्हणाला की आमची विळी निदान परत तरी द्या, वापरत नाही, नुसती घरी ठेवतो. काका त्याला म्हणाले, "वापराल."

संपूर्ण इमारतीत त्या दिवशी फक्त माझ्या ओट्यावर सुरी होती, कारण अबोल्यामुळे मी ती दिलीच नव्हती. दहा वाजेपर्यंत माझ्या दारात रांग लागली, कोणाची कोथिंबीर, कोणाच्या मिरच्या, कोणाची लिंबं. आणि माझी सुरी इतकी बोथट की टोमॅटो कापताना तो आधी दबायचा, मग फुटायचा. शेवटी सुमनकाकू आल्या. आत येऊन दार लोटलं आणि कनवटीचा एक छोटा घडीचा चाकू काढला.

"हा पाटावर नाही ठेवलात?" मी विचारलं.

"हा माझा आहे. ह्यांच्या हिशेबात नाही," काकू म्हणाल्या. "तुझ्या त्या सुरीने होणाराय का काही? सरक."

आम्ही दोघींनी मिळून अख्ख्या इमारतीचं चिरून दिलं. काकूंचं पातं काळपट, दिसायला अगदीच साधं, पण कोथिंबिरीतून असं सरकत होतं की बघत राहावं. आणि मध्येच मला दिसलं, पात्याच्या बुडाशी लाल ठिपका.

"काकू, हा?"

"रिजेक्ट आहे ना तो!" काकू हसत सुटल्या. "लग्नाच्या पहिल्या वर्षी ह्यांनी स्वतः केला माझ्यासाठी. लोखंड कापायच्या मशीनची मोडकी करवत होती, तिचं पातं घासून घासून. जेवणाच्या सुट्टीत रोज थोडं थोडं, चार महिने लागले. मग घरी आणला, मला म्हणाले, जरा प्ले राहिलाय, पण कापतो छान. आणि ठिपका लावूनच दिला बरं का! मी नवी नवरी, मला वाटलं कुंकू लावलंय हौसेनं." त्यांनी मिरचीचं देठ उडवलं. "अगं, तुझ्या वडिलांचा अपमान नव्हता तो. ह्या माणसाने स्वतःला सोडलं नाही, तुझ्या वडिलांना काय सोडणार?"

संध्याकाळी काका आपट्याची पानं घेऊन दारात आले. इस्त्रीचा शर्ट, खिशात पट्टी.

"सोनं घ्या, ताई." मी पानं घेतली. ते तिथेच उभे राहिले. "चाकू रिजेक्टच आहे. ते मी मागे घेणार नाही. पण ठिपका मी लावायला नको होता. माल तुमचा होता."

मला हसूही आलं आणि रडूही आलं. इतकी सरळ माफी माझ्याकडे त्याआधी कुणी मागितली नव्हती. "मग ठेवू कुठे तो?" मी विचारलं.

"संग्रहात नको. पर्समध्ये ठेवा, रोज वापरा. संग्रह वेगळा, खिसा वेगळा." जाता जाता ते वळले. "भांडण झालं ना? सांगत होतो, हातात देऊ नका."

त्यानंतर माझं शिक्षण सुरू झालं. कल्याणच्या बाजारपेठेत त्यांच्या ओळखीचं एक जुनं हार्डवेअरचं दुकान होतं. काका दिसले की दुकानदार न बोलता चाकूंची टोपली पुढे ठेवायचा आणि चहा सांगायचा. काका स्टुलावर बसून एकेक चाकू कानाशी न्यायचे. उघडताना अर्ध्यावर एकदा आणि पूर्ण उघडल्यावर एकदा, असा दोनदा स्वच्छ ‘टक्’ ऐकू आला पाहिजे. आवाज मऊ आला तर स्प्रिंग दमलेली. मग बोट, पातं हलतं का. मग डोळा, पाठीच्या पट्टीच्या फटीतून उजेड दिसतो का. पॉलिश बघायचं नाही, कारण पॉलिशखाली काहीही लपतं. खटका दाबला की उघडणाऱ्या चाकूला ते हातही लावायचे नाहीत. "तो माणसाला घाबरवायला केलाय. त्याने कधी पेरू कापलाय का?" चौदा चाकू बघून झाले की ते उठायचे.

"आज नाही."

"काका, एक तर घ्या. चहा पाजलाय."

"चहा पास आहे," काका म्हणायचे आणि पायऱ्या उतरायचे.

सहा महिन्यांत मी एकही चाकू घेतला नाही. माझा स्वभाव असा की पुस्तक आलं की त्याच दिवशी नोंद होऊन कपाटात गेलं पाहिजे, मला हे थांबणं झेपेना. शेवटी ठाण्याच्या एका प्रदर्शनातून मी त्यांच्या नकळत एक चाकू आणला. चांगला लठ्ठ होता, त्यात दोन पाती, कात्री, करवत, बूच काढायचा मळसूत्री खिळा, बारा-पंधरा गोष्टी होत्या. तो मोठ्या ऐटीत त्यांच्या टेबलावर ठेवला. अर्धा तास त्यांनी एकेक गोष्ट उघडून, हलवून, उजेडात धरून पाहिली.

"ह्यातला चिमटा पास," ते म्हणाले.

तो चिमटा मी अजून वापरते.

पुढे सुमनकाकू गेल्या. आजार आठवड्याभराचा. त्यांच्या जाण्याने आमचा मजला मुका झाला. मला माझी आई गेल्यासारखं वाटलं आणि ते बोलून दाखवायलाही कुणी नव्हतं, कारण असलं सगळं मी त्यांच्याशीच बोलायचे. दिवसकार्य झाल्यावर काका पहिल्यांदा खाली उतरले तेव्हा त्यांच्या शर्टाच्या खिशात पट्टीशेजारी काकूंचा चाकू होता. तेव्हापासून तो तिथेच राहिला.

काही महिन्यांनी त्यांनी दार वाजवलं. नेलपॉलिशची बाटली वाळली होती. "मी दुकानात गेलो होतो," ते इकडेतिकडे बघत म्हणाले, "त्या मुलीने विचारलं, कोणत्या शेडमध्ये हवं? मी म्हटलं, रिजेक्टचा." मी त्यांना लाल बाटली आणून दिली. ती त्यांनी काकूंच्या वाळलेल्या बाटलीशेजारी ठेवली. जुनी टाकली नाही.

मग त्यांचा उजवा हात कापायला लागला. आधी थोडा, मग चहाचा कप हिंदकळेल इतका. ते तो हात पँटच्या खिशात ठेवून बोलायचे. आम्ही सगळे बघत होतो आणि त्यांचा कप अर्धाच भरत होतो. मुलाने, निखिलने, आता आमच्याकडे राहायला या म्हणून धरलं. त्याचं घर कोलशेतला, एकविसाव्या मजल्यावर, आणि ती इमारत उभी होती काकांच्या जुन्या कारखान्याच्याच जागेवर. टूलरूम होती तिथे पोहण्याचा तलाव झाला होता. काका म्हणाले, "तलावाची लेव्हल बरोबर आहे. मी बघून आलो."

निखिलची मुलगी तीन वर्षांची. सून मृणाल स्वतः येऊन, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, म्हणाली, "बाबा, चाकू... म्हणजे, ती सगळीकडे हात घालते हो."

"बरोबर आहे तुझं. चाकू येणार नाहीत," काका म्हणाले. तिने वाद घालायची तयारी केलेली असणार, बोटावरची ओढणी सुटली.

त्याच दुपारी ते माझ्याकडे आले. "ताई, गुंडाळी शिवा. पाच कप्प्यांची."

"चोवीस आहेत ना?"

"चोवीस माझे. तुमचा संग्रह नवा आहे. पाच निवडा, बाकीचे मी वापरणाऱ्या माणसांना वाटून टाकतो." मग म्हणाले, "पण ते पाच बरोबर पाहिजेत. पुढे कुणी उघडून बघितले तर त्याला कळायला हवं, की बघणाऱ्याने नीट बघितलं होतं. माझं म्हणून तेवढंच राहणार आहे."

मी गुंडाळी शिवली. त्यांनी पट्टी लावून कप्पे मोजले आणि दोन उसवायला लावले.

रविवारी दुपारी टेबलावर वर्तमानपत्र पसरून चोवीस चाकू मांडले. मी निवडायचा, मग ते तपासणार. शिसवी मुठीचा एक निवडला. झाडांना कलम करायचा बारीक पात्याचा एक, काळ्या पडलेल्या पोलादाचा एक, पांढऱ्या हाडाच्या मुठीचा एक. चारही पास झाले. पाचवा माझ्या आधी त्यांनीच उचलला. सांबरशिंगाच्या मुठीचा, त्यांच्या सगळ्यात आवडीचा. बोटीवरच्या एका मित्राने कधीकाळी परदेशातून आणून दिलेला. "हा तर घ्यायचाच," ते म्हणाले. पात्यावरची खाच त्यांच्या नखाला दोनदा सापडली नाही, तिसऱ्यांदा सापडली. त्यांनी चाकू कानाशी नेला. टोक हलवून पाहिलं. "पास."

त्यांनी तो खाली ठेवला. मी उचलला, आणि त्यांनीच लावलेल्या सवयीने टोक चिमटीत धरलं. पातं हलत होतं. केसभर, पण हलत होतं.

खरं सांगते, गुपचूप पाचव्या कप्प्यात सरकवावा असंच वाटलं मला. कुणाला कळणार होतं? म्हातारा माणूस, घर सोडून चाललेला, हात साथ देत नाही, वर हा त्यांचा सगळ्यात लाडका. आणि मग त्यांचंच बोलणं आठवलं, बघणाऱ्याने नीट बघितलं होतं.

"काका, प्ले आहे."

"कुठे?"

मी चाकू खाली ठेवला. त्यांनी उचलून हलवून पाहिला. हात इतका कापत होता की पात्याचं हलणं वेगळं कळणंच शक्य नव्हतं. त्यांनी तो डाव्या हातात घेऊन पुन्हा पाहिलं. मग परत उजव्या.

"मला लागत नाही," ते म्हणाले. "तुम्हाला लागतोय?"

"हो."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी ड्रॉवर उघडून नवी बाटली काढली आणि टेबलावर माझ्यासमोर ठेवली. "लावा."

मी ठिपका लावला. माझ्या आयुष्यात मी इतकं वाईट काम केलं नव्हतं असं मला तेव्हा वाटलं. काकांनी वाकून बघितलं. "थोडा मोठा झाला. जागा बरोबर आहे." ते खुर्चीत मागे टेकले. मग म्हणाले, "हात गेला माझा. बरं झालं सांगितलंत. तुम्ही माझ्याकडे बघून पास म्हणाला असतात आणि ते मला उद्या कळलं असतं, तर बाकीचे चारही परत बघावेसे वाटले असते. आणि बघणार कोण होतं?"

"पाचवा दुसरा निवडू?"

"आज नको. रिकामा राहू दे. मिळेल." आणि त्यांनी स्वतः उठून चहा टाकला. माझ्या बशीत निम्मा सांडला, तो आम्ही दोघांनी पाहिला नाही.

सांबरशिंगाचा चाकू दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या माळ्याला, शंकरला, देऊन टाकला. तो त्याने जास्वंद छाटतो. काकूंचा चाकू मात्र ते कुणाला देऊ शकले नाहीत. निघायच्या दिवशी त्यांनी तो खिशातून काढून मृणालसमोर टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हा एवढा तू सांभाळ." तिने तो आपल्या कपाटात कुलपात ठेवला. दसऱ्याला बाहेर काढेन म्हणाली, आणि काढलाही. "टूलरूमलाही किल्ली दुसऱ्याकडेच असायची," काकांनी मला फोनवर सांगितलं. त्यांना सून पास वाटली होती, हे आवाजावरून कळत होतं.

त्यांना शेवटचं पाहिलं ते कोलशेतला, त्यांच्या इमारतीच्या बागेत. महिन्यातल्या एखाद्या रविवारी मी जायचे. त्या सकाळी फाटकावर पेरू चांगले दिसले म्हणून दोन घेतले. काका तलावासमोरच्या बाकावर बसले होते. खूप वाळले होते, आता दोन्ही हात कापत होते आणि ते लपवायचं त्यांनी सोडून दिलं होतं.

"पाचवा मिळाला?" त्यांनी विचारलं.

"नाही अजून."

"घाई नाही." पेरू बघून त्यांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. तिथे नुसती पट्टी होती. हात तसाच खाली आला.

मी पर्समधून बाबांचा चाकू काढला, मिटलेलाच, आणि नियमाप्रमाणे आमच्या दोघांच्या मध्ये बाकावर ठेवला. काकांनी तो उचलायचा प्रयत्न केला. बोटं त्याच्याभोवती फिरली, चाकू फळीवर सरकत राहिला. ते हसले.

"हातातच द्या, ताई."

"भांडण होईल."

"होऊ दे. मिटवायला परत याल."

मी चाकू उघडून, मूठ त्यांच्याकडे करून, त्यांच्या हातात दिला. त्यांची पकड बसेपर्यंत मी सोडला नाही. त्यांनी पात्याच्या बुडाशी अंगठा फिरवला. अक्षरांच्या खाचांत अजून लाल रंग होता.

"राहिला वाटतं डाग."

"असू दे," मी म्हटलं.

त्यांनी टोक हलवून पाहिलं नाही. गुडघ्यावर पेरू धरून, खूप वेळ लावून, एक वाकडी फोड कापली आणि मला दिली. मग चाकू पँटला पुसला, मिटला, आणि बाकावर न ठेवता माझ्या हातात दिला.